घामाच्या पुड्या

गुरुवार, ८ मे २०२५

लढाई सीमेवर आणि पळापळ आमच्या अंबडच्या कारखान्यात. लढाई पेटायच्या आधीपासूनच फौजेच्या गाड्यांना पिना दुप्पट हव्यात म्हणे. म्हणून पाच बाया घेतल्या. माझी नात संजना मशीनवर, मी चौसष्टाव्या वर्षी पॅकिंगला. मी हातमोजे घालते, तर सुपरवायझर योगेश मला नवरीबाई म्हणतो. म्हण बाबा.

आज पिनांची अख्खी पेटी परत आली. पॉलिशवर तांबूस गंज. योगेश म्हणाला, "बायकांना घेतलं ना, मग हेच होणार. कुणाच्या हाताला मेंदी, कुणाच्या हाताला लोणचं." सोमवारपासून बाया बंद!

संजना जेवली नाही. आयटीआयला पहिली आलेली पोरगी. कामाला लागून जेमतेम आठवडा.

शुक्रवार, ९ मे

पिना उन्हात धरून पाहिल्या. गंज सगळीकडे नाही – बोटं टेकली तेवढ्याच जागी. ठसा माझ्या अंगठ्याच्या दीडपट. पॅकिंगआधी उघड्या हाताने पिना कोण मोजतो? योगेश.

मोठ्या साहेबांकडे गेले. म्हटलं, "काहींचा घाम लोखंड खातो, साहेब. सगळ्यांच्या उघड्या हाती एकेक पीन द्या. ओल्या कागदात पुडी करा, वर नाव टाका."

योगेश हसला. "आजी, भगताकडे कधी शिकलात?"

"भगत कोंबडं मागतो. मी फुकट सांगते."

बारा पुड्या साहेबांच्या कपाटात, कुलपात.

शनिवार, १० मे

साहेबांनी एकेक पुडी उघडली. संजनाची पीन लख्ख. पॅकिंगच्या नवसाबाईची लख्ख – आणि ती रोज लसूण सोलून येते. मग योगेशची. अंगठा, बोटं, सगळी लाल उमटलेली.

आधी नवसाबाई हसली, मग सगळ्याच. बाकीच्या पुड्या उघडायचं कुणाला सुचलंच नाही.

साहेब म्हणाले, "बाया राहतील. मोजणी आता संजना करेल."

संजना दोन भाकरी जास्त जेवली. संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं, लढाई थांबली. आमची त्याआधीच जिंकून झाली होती.

सोमवार, १२ मे

लढाई थांबली तरी बाया कामावर. शनिवारी हसण्याच्या गोंधळात माझी पुडी उचलून आणली होती, ती आज घरी उघडली. लालभडक. कारगिलच्या वेळी याच हातांमुळे मला कामावरून काढलं होतं. घामाचं कळलं ते वर्षभराने.

योगेशला माझ्याकडचे जास्तीचे हातमोजे दिले. मी त्याला नवरदेव म्हटलं नाही.