गुळगुळीत चित्र

१२ मार्च

चि. बारक्यास ताईचे आशीर्वाद.

अण्णांच्या जठरातली गाठ कर्करोगाचीच निघाली. आज डॉक्टरीणबाईंनी अहवाल समोर ठेवून सांगितलं. गेल्या वर्षी याच दवाखान्यात दुर्बीण घातली तेव्हा सगळं स्वच्छ होतं. यंत्र तुमच्या कंपनीचं, चित्र तू साफ केलेलं. अण्णा आताही म्हणतात, पोराच्या यंत्रात दिसलं नाही म्हणजे नव्हतंच. बाई मात्र म्हणाल्या, तेव्हा काहीतरी असायलाच हवं होतं. जुनं चित्रण तपासशील का?

तुझी,
ताई

१९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

चित्रण पाहिलं. यंत्र मूळ चित्रही साठवतं, पण डॉक्टरांना पडद्यावर साफ केलेलंच दिसतं. मूळ चित्रात वाळू उधळल्यासारखे ठिपके असतात. ते घालवायला माझा प्रोग्रॅम लागोपाठच्या चित्रांची सरासरी काढतो. टिकतं ते ठेवतो, क्षणभर चमकतं ते पुसतो. मूळ चित्रात जठराच्या वळणावर नखाएवढा तांबूस चट्टा आहे. अण्णांना उमासा आला, दुर्बीण हलली, चट्टा पाव सेकंद दिसला आणि पुसला गेला.

पुसण्याची मात्रा मीच वाढवली होती. प्रात्यक्षिकाला आलेल्या डॉक्टरांना गुळगुळीत चित्र आवडलं, साहेबांनी पाठ थोपटली, मी हुरळलो. चाचण्या घेतल्या त्या गुंगीतल्या, निपचित पडलेल्या रोग्यांवर. उमासे देणारा त्यात एकही नव्हता.

साहेब म्हणाले, एका रोग्यावरून गवगवा नको, पुढच्या आवृत्तीत गुपचूप सुधारू. अण्णांना तू सांगशील? माझी जीभ रेटत नाही. लोभ असू दे, असं लिहायलाही हात धजत नाही.

तुझा,
बारक्या

२४ मार्च

चि. बारक्यास आशीर्वाद.

सांगायची वेळच आली नाही. अण्णांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, दोनदा वाचलं. मग विचारलं, अशी यंत्रं किती दवाखान्यांत आहेत. मला माहीत नव्हतं. म्हणाले, त्याला कळव, माझ्या नावाने गळा काढू नकोस, त्या दवाखान्यांतल्या लोकांना सांग. ते जमत नसेल तर मला तोंड दाखवू नकोस. ताट तसंच सरकवलं.

पत्र मी डॉक्टरीणबाईंनाही दाखवलं. सगळ्या दवाखान्यांना त्या लिहायला तयार आहेत. मूळ चित्रं यंत्रातून कशी काढायची, ते तू सहीनिशी लिहून द्यायचं. नोकरी जाईल, हे आम्हाला कळतं.

सोमवारी आठला शस्त्रक्रिया आहे. अर्धं जठर काढतील. पसरलेलं दिसलं तर काही न काढता पुन्हा शिवतील. अण्णांना सातला आत नेतील. त्याआधी तू तो कागद घेऊन येशील, असं धरून चाललोय.

वाट पाहणारी,
ताई