उपासाची गोळी

झाशी, मंगळवार, अंगारकी संकष्टी. दिवेलागण.

सापडलं! सासूबाईंच्या पोटात नेमकी चतुर्थी-एकादशीलाच जळजळ का होते, ते आज कळलं. गुडघ्याच्या सुजेची गोळी त्या एरवी जेवल्यावर घेतात, पण उपासाला नुसत्या पाण्याबरोबर! का, तर म्हणे औषधानं उपास मोडत नाही. मग चंद्र दिसेपर्यंत पोटात दुसरं काही नाही. इतके महिने माझ्या कसं लक्षात आलं नाही?

तशीच त्यांना रिक्षात घालून सीपरी बाजारात डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी विचारलं, शौचाला काळं होतं का? नाही होत, देवाची कृपा. "अम्माजी, ये गोली खाली पेट कभी नहीं. अल्सर हो जाएगा." सध्या गोळी बंद, पोटाचं औषध सुरू. काळं दिसलं तर आतून रक्त जातंय समजायचं, लगेच दवाखाना.

नुसत्या पाण्याबरोबर! अजून खरं वाटत नाही.

परतताना त्या रिक्षातून बाहेरच बघत बसल्या. मला वाटलं, रागावल्या. घरात शिरल्या आणि स्वतःच दूध-पोहे मागितले. चंद्र उगवायचा होता अजून! मी बघतच राहिले.

"एवढं मोठं पोट सांभाळतो तो गणपती," त्या म्हणाल्या, "त्याला माझ्या पोटाचं कळणार नाही होय?"