माठाजवळचा डबा

मारेगाव, १९५९

आईस, धर्मपालचा जयभीम.

माझ्या हातावरचे डाग कोडाचे आहेत, महारोग नाही, असे सरकारी डॉक्टरांनी काल स्वतः तपासून सांगितले. तेव्हा काळजी नको.

जिनिंगमध्ये मात्र माझा पाण्याचा डबा अजून वेगळाच आहे. मुकादमाला डॉक्टरांचे बोलणे सांगितले, तर म्हणतो, "डॉक्टरले काय जाते? त्याले थोडीच ह्या माठातलं पाणी प्या लागते."

धर्म बदलला तेव्हा वाटले होते, वरून ओतलेले पाणी एकदाचे सुटले. आता कारण नवे निघाले, ओतणे तेच आहे.

तुझे गुडघे कसे आहेत? सत्यभामा शाळेत जाते ना?

सोमवारी मालक येणार आहेत. त्यांच्यासमोर मी माझ्या हाताने माठातले पाणी घेणार आहे. त्यानंतर मी दारात दिसलो, तर काहून आला म्हणून विचारू नको.

तुझा धर्मपाल