खंडेनवमीचा फोटो

प्रिय ऋतुदादा,

खोपट काय नि कोपरी काय, एकाच ठाण्यात. पण बाबांच्या तेराव्यानंतर तू आईकडे फिरकला नाहीस. माझा फोनही उचलत नाहीस. "ऑक्सिजनचं मशीन ओरडत असताना तुला जाग कशी आली नाही?" असं तू तिला सगळ्यांदेखत विचारलंस. तेव्हापासून तिला धड झोप लागत नाही. सोसायटीची मोटर सुरू झाली तरी दचकून उठते.

ते मशीन आमच्याच मानपाड्याच्या कंपनीचं, हे तुला ठाऊक आहे. ते वायफायवरून नवा प्रोग्राम घेतं, पण आधी त्यावर कंपनीची डिजिटल सही आहे का ते बघतं. सही करणारी गुप्त किल्ली, म्हणजे एक लांबलचक आकडा, क्यूआर कोडच्या रूपात कागदावर छापून तिजोरीत ठेवलेली असते. गेल्या खंडेनवमीला आमच्या मालकांनी, पोपटशेठनी, सोल्डरिंग गनशेजारी तो कागदही पूजेत मांडला. "आपलं खरं शस्त्र हेच," म्हणाले. झेंडू वाहिला, फोटो काढला आणि शुभेच्छा म्हणून कंपनीच्या पेजवर टाकला. धन्य ती भक्ती! फोटोतला कोड कुणीही स्कॅन करावा आणि आमच्या नावाने सही ठोकावी. किल्ली बदलायचीही सोय नाही. विकलेल्या प्रत्येक मशीनच्या चिपमध्ये तिचीच ओळख कायमची पक्की केलेली आहे.

बाबांचं मशीन कंपनीत परत आलं, तेव्हा मी ते उघडलं. आतला प्रोग्राम आमचा नव्हता, सही मात्र आमची होती. ऑक्सिजन थांबला तरी अलार्म वाजू नये, अशी त्यात तजवीज होती. कुणी केलं, कशासाठी, देव जाणे. मी शेठना दाखवलं, तर त्यांनी त्याच दुपारी सगळं पुसायला लावलं. बोभाटा नको म्हणे. बाकीची मशीनं अजून लोकांच्या उशाशी आहेत. मी वर सरकारी खात्याकडे तक्रार केली आहे, पण पुराव्याशिवाय कोण विचारतो? मला रडूही येत नाही, नुसता संताप होतो.

दादा, त्या रात्री अलार्म वाजलाच नव्हता. मी आईला हे सांगितलं, तर म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून कायपण सांगू नको गं." दोष तू दिलास, तो तूच काढलास तर कदाचित तिला पटेल. तुलाही हे खरं वाटेल अशी फारशी आशा नाही. दाखवायला माझ्याकडे काही उरलेलं नाही. तरी एकदा तिच्यासमोर बस आणि सांग, की तिची चूक नव्हती. काल तिने मला कानाच्या डॉक्टरांचा पत्ता विचारला.

तुझीच,
सोनल