घरात कोणी बहिरं?

३ फेब्रुवारी १९६१, नवापूर (बोईसरजवळ)
घरोघरच्या सरकारी पाहणीचं काम सुरू. उजवा कान पार गेलाय, डावाही अधूनमधून रुसतो. नोकरी अजून कायम नाही. सुपरवायझर दातारसाहेबांना कळलं तर घरी बसावं लागेल. पण आज ठमाबाय मच्छीवालीच्या घरी शब्द न् शब्द कळला! उगाच मान डोलवावी लागली नाही. वर बोंबलाचं कालवण, भाकरी. देवा, किती बरं वाटलं.

४ फेब्रु.
ठमाबायकडे उरलेले प्रश्न. घरात कोणी आंधळं, पांगळं, मुकं, बहिरं?
"नाय ओ. समदे धड हाय."
लिहून घेतलं. अंगणात तिची नणंद हिरू पाठमोरी, बांबूवर बोंबील अडकवत होती. हाक मारली. पुन्हा मारली. शेवटी ठमाबाय उठली, तिचा दंड धरला, समोर जाऊन बोलली.
"तिला ऐकू येत नाही?"
"ल्हानपनापासून नाय. पन तिचा काय अडते?"
आत्ता उमगलं. या घरात सगळेच तसं बोलतात: समोर येऊन, सावकाश, तोंड उजेडात. पोरंसुद्धा. हिरूसाठी लागलेली सवय, मला आयती मिळाली. आणि काल मी गाढव समजत होतो, कान सुधारला! 'नाही' खोडून हिरूचं लिहिलं. निघताना तिला नमस्कार केला. का, ते तिला कळलं नसेल. हसली मात्र.

७ फेब्रु., बोईसर
दातारसाहेब आले. स्टेशनाबाहेर मागून काही विचारत होते म्हणे. मी आपला चालतोय. पुढे येऊन उभे राहिले.
"पुराणिक, कधीपासून हे?"
सांगून टाकलं. रागावले नाहीत. "ठाण्याच्या कचेरीत विचारावं लागेल. तोवर काम सोडू नका." एवढंही पुष्कळ. भला माणूस.

११ फेब्रु., वाणगाव
ठाण्याहून काही नाही. झोप नीट नाही.
आज पहिल्याच घरी आधी माझंच सांगितलं: मला कमी ऐकू येतं, जरा जवळून बोला. म्हातारीनं खाट पुढे ओढली. आंधळ्या-बहिऱ्यांचा प्रश्न अजून यायचाच होता, तेवढ्यात ती आत वळून म्हणाली, "भायेर ये गो. यो पन आपल्यातलाच हाय."
भिंत चाचपत नात आली. मी नाव विचारलं. तिनं ते मोठ्यानं सांगितलं, मला ऐकू यावं म्हणून.