तळहाताचे एकशे आठ केस

फरीदाबाद
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५
सकाळी ११.४०, नुकताच वरणभाताचा कुकर उतरवला

तीर्थरूप बाबांस सुधन्वाचा साष्टांग नमस्कार.

मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतं, असं आईला सांगा.

या आठवड्यात कामावर फजिती झाली. आमच्याकडे शाळांसाठी शरीराचे नमुने बनतात, ते तुम्हाला ठाऊक आहेच. यावेळी तळहाताच्या त्वचेचे बारा हवे होते. वरचा थर, त्याखालचा जाड थर, तळाची चरबी, सगळं मी नेमकं रंगवलं. मग सवयीने प्रत्येकात नऊ केस रोवले आणि प्रत्येक केसाच्या मुळाशी तेलाची पिवळी ग्रंथी काढली. एकूण एकशे आठ केस, सगळे एकाच कलाने.

शेजारच्या टेबलावरचा इंद्रजित म्हणाला, "यार, हथेली पे बाल? भालू का ऑर्डर आया है क्या?"

नमुने न्यायला आलेल्या जीवशास्त्राच्या वैभवी मॅडम पुण्याच्या निघाल्या. रागावल्या नाहीत. "अहो, तळहाताला केस नसतात नि तेलाच्या ग्रंथीही नसतात. घामाच्या मात्र दाटीवाटीने असतात. आणि तिथला घाम उन्हापेक्षा काळजीने जास्त सुटतो. सगळ्यांनाच. कुणाला थोडा, कुणाला नळ सोडल्यासारखा."

मी केस उपटत होतो. हातातून चिमटा दोनदा निसटला. त्यांनी पाहिलं आणि हात पुसायला फडकं पुढे केलं.

केस उपटायला पावणेतीन तास लागले. तेवढ्या वेळात ठरवलं, की तुम्हाला लिहायचं.

बाबा, बारावीच्या जीवशास्त्राच्या पेपरातून मी अर्ध्यात उठून आलो, तेव्हा "कंटाळा आला" असं सांगितलं. "मस्ती चढली आहे," असं तुम्ही म्हणालात. मी ते तसंच राहू दिलं. खरं म्हणजे हाताच्या घामाने उत्तरपत्रिका भिजली होती. शाई पसरली, एक पान फाटलं. पर्यवेक्षक माझ्याकडे येताना दिसले आणि मी उठलो. एवढ्या मोठ्या मुलाने घरी हे कसं सांगायचं, ते सुचलं नाही.

काल मुक्त विद्यालयाचा फॉर्म भरला. जीवशास्त्र घेतलं आहे. परीक्षा एप्रिलमध्ये आहे, केंद्र मुद्दाम द्वारकेचं, आपल्या घराजवळचं मागितलं. इथून मेट्रोने सकाळी पोचता येतं, मी जाऊन वेळ मोजून आलो. पण आदल्या संध्याकाळी घरी आलो तर चालेल का? दिवाळीला येतो तसा दोन तासांसाठी नाही, राहायला.

नाही म्हणालात तरी पेपर शेवटपर्यंत लिहीन.

कधीच कंटाळा न आलेला
तुमचा सुधन्वा