तुमची सायकल आज आम्ही धुतली

अहो,

‘प्रिय’ लिहिलं नाही. लिहायला गेले होते, हात अडला. तुमचा तेरावा आज उरकला, माणसं पांगली, आणि आता तुम्हाला चार शब्द सुनावल्याशिवाय मला घास गिळवणार नाही. समोर असतात तर बोलू दिलं असतंत का? आता ऐकावंच लागेल.

तुमची ती जाड चाकांची, डोंगरात चालवायची सायकल जिन्याखाली तशीच उभी होती. बराकपूरच्या अलीकडे, नदीकाठच्या चिखलात तुम्ही छातीला हात लावून खाली बसलात. लोकांनी टोटोत, त्या बॅटरीच्या रिक्षात, घालून दवाखान्यात नेलं, आणि सायकल मागाहून कुणीतरी घरी पोचवली. इतकी वर्षं दर रविवारी तुम्ही ती काढायचात, पण चिखलानं माखलेली मी पहिल्यांदाच पाहिली. एरवी कशी लखलखीत करून आणायचात! “रस्त्यात एका पंपावर धुतो. तुझा व्हरांडा कशाला घाण करू?” मला केवढं कौतुक! इथल्या, कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या आपल्या मराठी बायकांना सांगायचे, आमच्या ह्यांना माझी फार काळजी.

काळजी!

आपल्या अमेयनं शर्मिलाशी लग्न केलं, तिचं आधीचं लग्न मोडलेलं म्हणून तुम्ही घर डोक्यावर घेतलंत. “त्याच्या नावानं आंघोळ कर,” म्हणालात मला. “या घरातून जो तिकडे जाईल त्यानं परत यायचं नाही.” नात झाल्याचं मला परक्या बाईकडून कळलं. “नुसता फोन करू का?” एवढंच विचारलं मी. तुम्ही भरल्या ताटावरून उठलात आणि कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाहीत. मी भिंतींशी बोलायचे. ऐकू येत होतं ना तुम्हाला, आतल्या खोलीत पेपर वाचताना?

दवाखान्यात अमेय माझ्या आधी पोचला होता. त्याला कुणी कळवलं, हे विचारायचं मला सुचलंच नाही. सगळं केलं त्यानं, अग्नी दिला. पण माझ्याकडे बघायचा नाही. जवळ गेले की “तू बस आई,” म्हणून बाजूला व्हायचा. मला वाटलं, बाप गेल्याचा धक्का असेल.

आज तो शर्मिला आणि टुपूरला घेऊन आला. आपली नात! नाक अगदी तुमचं. मी तिला डोळे भरून बघतेय तोवर ती जिन्याखाली धावली.

“एटा तो आजोबार साइकेल!”

आजोबांची सायकल? मी दारातच थबकले. ती कमरेवर हात ठेवून अमेयला दटावत होती, “इतका घाण! आजोबा ओरडेल.” आणि बादली मागितली, जुना ब्रश मागितला. अमेयनं पाइप आणला तर म्हणते, “जोरात पाणी नाही मारायची, आतमध्ये जाते. आधी माती भिजू दे.” चाकांच्या खाचांतला चिखल तिनं काडीनं उकरला. साखळी फडक्यात धरून पेडल उलटं फिरवलं. कुणाची शिकवण ती?

“तुला गं कशी माहीत ही सायकल?” मी विचारलं.

“रविवारी आमच्या अंगणात आजोबा आणि मी धुते ना!”

पंप कुठला ते कळलं मला.

मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, “तू ती रागी ठाम्मा?”

ठाम्मा म्हणजे आजी, एवढं बंगाली मला येतं. तिला ‘आजोबा’ शब्द शिकवलात. ‘आजी’ शिकवायला तोंड दुखत होतं?

अमेयची मान खाली. म्हणाला, “बाबा सांगायचे, आई तुझं नाव काढू देत नाही. मी येतो हे कळलं तर जिवाचं काहीतरी करून घेईल. दर रविवारी मी विचारायचो, आई काही म्हणाली का? ते नुसती मान हलवायचे.”

मान हलवायचात! शर्मिलाच्या हातच्या लुच्या, त्या मैद्याच्या पुऱ्या, खाऊन घरी यायचात, “पोट भरलंय, रस्त्यात खाल्लं,” म्हणायचात, आणि मी एकटी जेवायला बसायचे. नुसतं “चुकलो, चल,” म्हणायला किती वेळ लागला असता? माझ्यापुढे नमायची एवढी लाज, की त्यापेक्षा मलाच वाईट ठरवलंत?

मी सगळं सांगितलं अमेयला. तिथेच, तो तुमच्या सायकलीवर पाणी सोडत असताना. आंघोळीचं, ताटाचं, अबोल्याचं. शर्मिला म्हणाली, “राहू द्या ना आई, ते आता नाहीत.” मी म्हटलं, “मी आहे.” तेरा दिवस तुमच्यासाठी रडत होता तो. बोलता बोलता त्याचं रडं थांबलेलं मी पाहिलं. खरं सांगू? बरं वाटलं मला. मग त्यानं पाइप खाली टाकला आणि माझ्या गळ्यात पडला. इतक्या वर्षांनी त्याच्या केसांचा वास आला मला. तुम्ही मात्र त्याच्या मनातून गेलात, अहो. आज खऱ्या अर्थानं गेलात.

तुमचं वर्षश्राद्ध मी करणार नाही. तुमचा फोटोही खाली उतरवला आहे. पुढच्या रविवारी मी बराकपूरला, अमेयच्या घरी जाते आहे, आणि कुणाला विचारून नाही.

टुपूर मात्र लहान आहे. ती विचारणार, आजोबा कसे होते. तुम्ही तिला माझ्याबद्दल खोटं सांगितलंत, तसंच मीही तुमच्याबद्दल सांगेन. शब्द देते. ती विचारील तेव्हा तेव्हा, हसून सांगेन, की तुम्ही फार चांगले होतात.

टुपूरची आजी,
मालती